पापलेटातला माणूस

"गित्ते, तुझ्या पापलेटात माणूस निघालाय," सर म्हणाले.

आमच्या तेंडोलकर सरांना विनोदाचं वावडं होतं, त्यामुळे मी हसले नाही. हातातला चहा तसाच ठेवला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन पडद्याकडे पाहिलं. भेसळ तपासणाऱ्या प्रोग्रामचा निकाल समोर होता. वर थोडे जिवाणू होते, ते असतातच. मासा समुद्रातला होता, देव्हाऱ्यातला नव्हे. त्यांच्या खाली सरळ लिहिलं होतं की डीएनएच्या शंभर तुकड्यांतला एखादा माणसाचा आहे.

"झालं कल्याण," मी म्हणाले.

आम्ही काय करत होतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं भुताटकीसारखं वाटेल. पापलेटचा जीनोम, म्हणजे त्याच्या पेशीतला सगळाच्या सगळा डीएनए, वाचून जुळवायचा हे माझं पीएचडीचं काम. त्या डीएनएचे चोवीस लांबच लांब धागे. मशीनला ते अख्खे वाचता येत नाहीत, ते तुकडे तुकडे वाचतं, आणि मग आम्ही बसायचं, कुठल्या तुकड्याचं शेपूट कुठल्या तुकड्याच्या तोंडाशी जुळतंय ते बघत. किनाऱ्यावर पापलेट वर्षागणिक कमी मिळत होता, आणि मिळत होता तोही तळहाताएवढा. त्याचे कळप किती, ते अंडी कुठे घालतात, कधी त्यांच्या वाटेला जाऊ नये, हे सगळं कळायचं तर आधी हे धागे हातात हवेत. आणि असलं काम कुणाच्या पदरात पडावं? तर परळीच्या शरयू गित्तेच्या! आमच्याकडे मटण चालतं, पण पापलेट सोडाच, समुद्रातला कुठलाही मासा मी लहानपणी पाहिला तो फक्त कॅलेंडरवरच्या मत्स्यावतारात.

"हातमोजे न घालता कुणी हाताळलं हे?" सरांनी विचारलं. "तू?"

"मी बोटीवर नव्हतेच, सर. आणि हा पुरुष आहे. वाय गुणसूत्राचे तुकडे दिसतायत की."

"मग कोण?"

मला माहीत होतं. "मासा बुधानं कापला होता," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बुधा थोड्याच दिवसांपूर्वी बोटीवरून समुद्रात पडला होता आणि सापडला नव्हता.

पालघरकडच्या एका बंदरावर धाकजी तांडेल म्हणून होते. स्वतःची बोट, साठीच्या आसपासचं वय, बोलणं कमी. आमचं काम काय आहे ते सरांनी त्यांना एकदा समजावलं, तेव्हा ते समुद्राकडे बघत म्हणाले, "मासा ऱ्हायला तर आमची पोरं ऱ्हातील. सांगा, काय पायजे." आम्हाला हवा होता जिवंत पापलेट. आता पापलेट हा असला नाजूक जीव की जाळ्यातून वर येता येताच मान टाकतो, आणि मेला की त्याचा डीएनए भराभर तुटायला लागतो. म्हणजे जिवंत वर आलेला मासा तिथेच बोटीवर कापून, त्याचे तुकडे द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात टाकायला हवेत. बायकांना बोटीवर घ्यायची तिथे पद्धत नव्हती. म्हणून तांडेलांच्या खलाशाला शिकवायचं ठरलं, आणि तो खलाशी म्हणजे बुधा.

बुधा मूळचा कुठला हे कुणालाच माहीत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. अगदी लहान असताना परमुलखातल्या एका बोटीवरून तो धक्क्यावर उतरला, बोट निघून गेली आणि हा राहिला. त्या दिवशी बुधवार होता म्हणून बुधा. तांडेलांच्या घरी जेवून वाढला, त्यांच्याच बोटीवर राबला, पुढे त्याच आळीतल्या कुंदाशी त्याचं लग्न झालं. मूलबाळ नव्हतं. मी त्याला धक्क्यावर बसवून, बाजारातल्या मेलेल्या पापलेटावर, कुठे कापायचं, किती कापायचं ते दाखवलं. हातमोज्यांचं त्याला भारी अप्रूप. घालायचा आणि बोटं नाचवून बायकोला दाखवायचा, "ए, बघ, डाक्टर!"

"डाक्टर म्हनं!" कुंदा म्हणायची. "काल साधी शिंक आली तर रडत व्हता, नि डाक्टर!"

नारळीपौर्णिमा झाली, बोटी सुटल्या, आणि पहिल्याच फेरीहून बुधा आमचा डबा भरून घेऊन आला. त्या दिवशी तो नेहमीसारखा बडबडला नाही. दमला असेल, असं मी मनात म्हटलं आणि डबा घेऊन मुंबई गाठली. दुसऱ्या फेरीला वारा उठला. जाळं ओढताना एक लाट बोटीवर चढली, आणि उतरताना बुधाला घेऊन गेली. तांडेलांनी दोन दिवस बोट तिथेच फिरवली म्हणे.

"हे बघ," सर म्हणाले, "माणसाचे तुकडे गाळून टाक आणि पुढचं काम सुरू कर. नाहीतरी ते ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. परवानगी माशाची होती, माणसाची नव्हती."

"माशाची तरी कुठे होती," मी पुटपुटले.

गाळणं म्हणजे एक ओळ लिहायची आणि बटण दाबायचं. ती ओळ मी लिहिली. बटण काही दाबवेना. माणूस पाण्यात गेला, त्याचं नखसुद्धा परत आलं नाही, आणि इथे माझ्या संगणकात त्याच्या रक्ताचे तुकडे माशाच्या तुकड्यांत मिसळून पडलेत. मी संगणक तसाच ठेवून घरी गेले.

त्याच आठवड्यात कुंदाचा फोन आला. "ताई, वर डहाणूच्या पुढं एक मानूस लागलाय किनाऱ्याला. पोलिसांनी बोलावलंय. तुमी याल का? मला त्यांचं सरकारी बोलनं कळत नाय."

मी गेले. तांडेलही आले होते. शवागाराच्या दाराशी आल्यावर त्यांचे पाय अडले, ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि मान हलवत राहिले. मी कुंदाबरोबर आत जायला निघाले तर तिनं मला हातानंच थांबवलं. ती एकटी गेली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा होता. ती पायरीवर बसली. हवालदार भला माणूस होता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, चेहरा राहिलेला नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही ओळखलंत, हा माझा नवरा, असं म्हणालात तर मी आत्ता तुमच्या ताब्यात देतो."

कुंदा जमिनीकडे बघत होती. "मला कळत नाय," ती म्हणाली.

"नक्की?"

"कळत नाय म्हटलं ना!"

"मग त्यांच्या रक्ताच्या नात्यातलं कुणीतरी आणा. डीएनए जुळवू."

"नाय कोण त्याला."

"भाऊ? बहीण?"

"मी सांगते ना, नाय कोण!"

हवालदार उठला. "आठवडाभर ठेवायला सांगतो. पुढे जागा नाही हो इथे. मग बेवारस म्हणून पुरावं लागेल." थोडं थांबून तो माझ्याकडे वळला. "आणि मृत्यूचा दाखला मिळणार नाही. बेपत्ता म्हणूनच राहील नाव. सात वर्षं."

म्हणजे सात वर्षं कुंदा ना सवाष्ण, ना विधवा. परतीच्या वाटेवर गाडीत तिनं माझं मनगट धरलं. केवढी पकड होती तिची! "ताई, तुमी तेच करता ना? माशाचं करता, मंग मानसाचं नाय व्हत?"

"होतं. पण जुळवायला बुधाचं काहीतरी लागतं, कुंदाताई. कंगवा, ब्रश, असं काही?"

"मशेरी लावायचा बोटानं. कंगवा दोघांत एकच."

तरीही मी तिच्या घरून कंगवा आणि त्याची उशी घेऊन गेले. माझी एमएस्सीची मैत्रीण परवीन गुन्ह्यांच्या तपासासाठी डीएनए जुळवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. मृतदेहाचा दात तिच्याकडेच तपासाला आला होता. दोन दिवसांनी ती म्हणाली, "शरयू, यात सगळं बायकोचंच आहे गं. त्याचं म्हणून वेगळं काही हाती लागत नाही."

तेव्हा मला माझा संगणक आठवला. आठवला म्हणजे काय, मी विसरले कधी होते? पण आतापर्यंत ते तुकडे मला भेसळ वाटत होते. आता कळलं की या जगात बुधाचं म्हणून जे काही शिल्लक होतं ते तेवढंच. मी धावत सरांच्या खोलीत गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते रक्त त्याचंच कशावरून?"

"कापलं त्यानं, सर."

"तू पाहिलंस?"

मी त्यांच्यासमोरच तांडेलांना फोन लावला. "तांडेलकाका, आमचा मासा कुणी कापला होता?"

पलीकडे नुसता समुद्राचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "बुधानं."

"त्याच्या हाताला लागलं होतं का?"

"व्हय. लागलं व्हतं."

"दुसऱ्या कुणी हात लावला होता माशाला? नीट आठवून सांगा. फार महत्त्वाचं आहे. यावरून बुधाची ओळख पटवायची आहे."

"नाय," ते म्हणाले. "कोणच नाय."

मी फोन ठेवला. सर खिडकीबाहेर बघत होते. "हे कुठल्याही कोर्टात टिकणार नाही, गित्ते."

"कोर्टात कुठे न्यायचंय, सर? एका बाईला सांगायचंय."

"सोमवारी मी तुला विचारेन, ते तुकडे गाळलेस का," ते म्हणाले. "तोवर विचारणार नाही." सरांच्या तोंडून इतकं प्रेमळ वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पेशीत एक छोटा गोल धागा असतो, तो फक्त आईकडून येतो. त्याच्या प्रती पुष्कळ असतात, म्हणून रक्ताच्या डागातूनही तो पुरता वाचता येतो. माझ्या माशातल्या माणसाचा तो धागा मी जुळवला. पीएचडीतलं माझं पहिलं पूर्ण झालेलं काम ते, आणि ते माशाचं नव्हतं. परवीननं दातातून काढलेला धागा पाठवला. दोन्ही शेजारी ठेवले. एखाद्या ठिकाणी फरक असता तर मी वाद घातला असता, मशीनची चूक म्हटलं असतं. पण फरक जागोजागी होते. हे दोन वेगळ्या आयांचे लेक होते. किनाऱ्याला लागलेला माणूस माझ्या माशातला माणूस नव्हता.

हे मी फोनवर नाही सांगितलं. बंदरावर गेले. कुंदा धक्क्यावर वाटच बघत होती, आणि तांडेल थोडं पलीकडे जाळं शिवत बसले होते.

"तो नाही, कुंदाताई," मी म्हणाले. "तो बुधा नाही."

"नाय?"

"नाही."

"परत सांगा."

"तो बुधा नाही."

ती आधी हसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदमच. घरात धावत गेली आणि मूठभर साखर आणून माझ्या तळहातावर ठेवली. "मंग तो हाय," ती सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "हाय तो! कुणीतरी काढला असंल त्याला, दुसऱ्या बोटीनं!" मला म्हणायचं होतं की असं काही यातून ठरत नाही, हा मेलेला माणूस तो नाही एवढंच ठरतं. पण तिच्या त्या तोंडाकडे बघून माझी जीभ रेटली नाही. मी साखर खाल्ली. तांडेलांच्या हातातलं जाळं खाली पडलं होतं. म्हाताऱ्याला आनंद झेपला नाही, असं मला वाटलं.

तो मृतदेह बेवारस म्हणून पुरला. सोमवारी सरांनी विचारलं आणि मी बटण दाबलं.

पुढची तीन वर्षं मी माशाचे तुकडे जुळवत होते आणि कुंदा बुधाला शोधत होती. गुजरातच्या बंदरांवर कुणीतरी मराठी बोलणारा खलाशी पाहिला म्हटलं की ही चालली. पलीकडच्या देशाच्या तुरुंगातून मच्छीमार सुटून आले की ती त्यांच्या घरोघर जाऊन विचारायची, आत बुधा नावाचा कोण व्हता का? मला फोन करायची, "ताई, ते सुटलेल्यांची नावं तुमाला मोबाइलवर दिसतील ना? बघा ना जरा." मी बघायचे. नसायचं. पहिल्या वर्षी मी तळमळीनं शोधायचे. पुढे तिचं नाव फोनवर दिसलं की मी तो थोडा वेळ वाजू द्यायचे.

गावातल्यांनी तिला समजावलं की माणूस सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याची क्रिया करतात, निदान त्याच्या जीवाला वाट मिळते. त्यासाठी भटजी आले, तर त्यांना तिनं उंबऱ्याबाहेरून हाकललं. "जित्या मानसाला जाळता?" म्हणाली. "मॅडमच्या मशीननं सांगितलंय, तो नाय म्हणून. मुंबईच्या मशीननं!" हे मला कुणीतरी कौतुकानं सांगितलं. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

आणि अखेर जीनोम पूर्ण झाला. चोवीसच्या चोवीस धागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सर पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उत्तम." मग म्हणाले, "ज्यांनी मासा दिला त्यांना जाऊन दाखवून ये."

बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सभा झाली. मी पडद्यावर त्या माशाचा फोटो दाखवला. बोटीवर ठेवलेला, चांदीसारखा लखलखीत. "हा आपल्या धाकजीकाकांच्या बोटीवरचा," मी सांगितलं. "मोसमाच्या पहिल्या फेरीत जिवंत वर आलेला हा एकच मासा. आणि तो कापला बुधानं. याच्यावरून जगभरात आता..."

"थांबा, बाई," पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला. कानावर हात ठेवून त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "पयल्या फेरीचा म्हणाली का ती?"

"होय आजोबा, पहिल्या फेरीचा."

"नि जिता?"

"हो."

"मंग तो कापला कसा? पयला जिता पापलेट देवीचा. त्याला सुरी लागत नाय आमच्यात. तो तसाच दर्यात सोडायचा असतो, नाव घेऊन."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "बुधा कापील तो मासा? आपला बुधा?" एक बाई मोठ्यांदा म्हणाली. "देवीचा नारळ सुदिक दुसऱ्याला धरू देत नव्हता तो!"

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. धाकजी तांडेल उठून बाहेर चालले होते. मी सगळं सोडून त्यांच्यामागे धावले. ते वाळूवर ओढलेल्या होडीच्या आडोशाला उभे होते.

"काका, मासा कुणी कापला?"

"मी," ते म्हणाले.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"तो एकलाच जिता आला वर. बुधा बोलला, तात्या, हा देवीचा, सोडू याला, दुसरा येईल. मी बोललो, नाय आला तर? त्या पोरीला मी शब्द दिलाय. तो सुरीला हात लावीना. मंग मीच घेतली. तुमचे ते मोजे माज्या हातात जाईनात. मासा उडाला नि सुरी इथं घुसली." त्यांनी तळहात उघडला. अंगठ्याखाली पांढरा वण होता. "बुधानं नुसता डबा धरला."

"मग मला खोटं का सांगितलंत? मी विचारलं होतं! नीट आठवून सांगा म्हणाले होते!"

"दुसऱ्याच फेरीला पोर गेलं माजं!" ते ओरडले, आणि मग आवाज एकदम खाली आला. "काय सांगू? देवीचा मासा मी कापला नि तिनं बुधाला घेतला? गावानं मला दारात उभं केलं असतं का? कुंदाला कुठल्या तोंडानं सांगू? मला वाटलं, कापला कुनी यानं काय व्हतंय. मासा तर मासाच."

मला त्यांचा संताप आला, असा की हात उचलावासा वाटला. आणि तो म्हातारा तिथे वाळूत बसून असा हमसून रडायला लागला की माझा हात तिथेच राहिला. माझ्या माशातला माणूस धाकजी तांडेल होते. त्यांच्या रक्ताशी मी तो दात ताडून पाहिला होता आणि एका बाईला छातीठोकपणे सांगितलं होतं की तो नाही.

"चला," मी म्हणाले.

"कुठं?"

"कुंदाताईंकडे. आत्ता. तुम्ही सांगायचं. उरलेलं मी सांगते."

कुंदा अंगणात मासळी वाळवायच्या दोऱ्या सोडत होती. ती सभेला आली नव्हती. "मला काय त्या माशाचं," म्हणाली होती. आम्हा दोघांना एकत्र बघून तिचा चेहरा उजळला. "काय हो? काय कळलं का त्याचं?"

तांडेलांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. एकदा अडकले, पण सांगितलं. कुंदा दोरी हातात धरून ऐकत राहिली. ती किंचाळेल, त्यांच्या अंगावर धावून जाईल, या धास्तीनं मी उभी होते. शेवटी मीच बोलायला लागले. म्हटलं, "मी तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं होतं, कुंदाताई. तो माणूस बुधा असेलही, नसेलही. त्याच्या दाताची नोंद परवीनच्या लॅबमध्ये आहे, पण बुधाचं काहीच नाही आपल्याकडे. आता कुणालाच कधी सांगता येणार नाही. मशीनलाही नाही."

"तो तोच व्हता," कुंदा म्हणाली.

मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. "असं नाही म्हणता येणार..."

"ताई, मी आत गेले व्हते ना त्या दिवशी. तोंड नव्हतं त्याला. पावलं व्हती. लग्न झाल्यापासून ज्या पावलांना मी तेल चोळलं ती मला कळनार नाय?"

"मग तेव्हा का नाही बोललात?" मी ओरडलेच. "हवालदार विचारत होते! मी बाहेर उभी होते!"

"मी व्हय म्हटलं असतं तर तो मेला असता." तिनं दोरी गुंडाळायला घेतली, मग तशीच सोडली. "तोंडच उघडंना. वाटलं, माजे डोळे खोटे असतील, ताईंचं मशीन सांगंल. तुमी बोललात, नाय. मला तेच पायजे व्हतं. एवढी शिकलेली मानसं नाय म्हनतात, तर मी कशाला व्हय म्हनू?"

तांडेल काहीतरी म्हणायला गेले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"कुठं पुरलाय त्याला?" तिनं मला विचारलं.

"तिथे काही खूण नसेल, कुंदाताई. तीन पावसाळे गेले. दुसरीही माणसं पुरली असतील त्याच जागेत."

"नसू दे खूण." तिनं पदर खोचला. "घरात बायको जिती, नि त्याला बेवारस पुरला मी."

आणि ती रस्त्याला लागली. तिच्या मागून आम्ही दोघं निघालो.